खूपवाला एस

मी एक जुना एस आहे. लाल रंगाचा, प्लास्टिकचा, तुमच्या करंगळीएवढा उंच. इंग्रजी शब्दाच्या शेवटी उभे राहून एकाचे अनेक करणे हा माझा धंदा. मला उलटा करून पाहिलेत तर माझ्या पाठीत एक गोल खाच दिसेल. तिथे पूर्वी लोहचुंबकाची काळी चकती होती. आता ती खाच रिकामी आहे.

मित्रांनो, खेळण्याच्या पाठीतली अशी रिकामी खाच पाहिली की शहाणा माणूस थबकतो. तो आधी जमिनीकडे बघतो, मग घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे. तो असे का बघतो, तेच आज मी सांगणार आहे. गोष्ट थोडी भीतीची आहे, पण ऐकून ठेवा.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे तापलेले प्लास्टिक साच्यांत ओतत आणि आम्ही अक्षरे गरम गरम बाहेर पडत असू. पुढे टेबलापाशी दोन बायका बसलेल्या असत. एक आमच्या पाठीतल्या खाचेत गोंदाचा थेंब टाकी, दुसरी त्यावर चकती ठेवून अंगठ्याने दाबी. माझी पाळी आली तेव्हा गोंदवाली गप्पांत रंगली होती. चकतीवाली तिला म्हणाली, "हात आखडू नकोस गं. पोरं आधी तोंडात घालतात, मग खेळतात." गोंदवालीला आपल्या घरचे कुणीतरी आठवले असावे. तिने माझ्या पाठीत चांगला टपोरा थेंब टाकला. त्या थेंबाच्या जोरावर माझी चकती पुढे कधी हललीसुद्धा नाही. असा थेंब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे मला फार उशिरा कळले.

आमचे खोके एका बाबांनी विकत घेतले आणि आईने आम्हाला फ्रीजच्या दारावर ओळीने लावले. त्या घरात आई, बाबा, पाच वर्षांची मुलगी आणि तिचा तान्हा भाऊ एवढी माणसे. भाऊ झाल्यापासून मुलीचे नाव मागेच पडले होते. सगळे तिला ताई म्हणत. भाऊ इतका गुबगुबीत होता की त्याला ढब्बूशिवाय दुसरे काही म्हणणे कुणाला सुचले नाही. हे कुटुंब त्या शहरात नवे होते. दाराबाहेर पाऊल टाकले की मराठी संपत असे. जिन्यात, दुकानात, बागेत इंग्रजीवर भागवावे लागे. ताईला ज्या शाळेत घालायचे होते, तिथे तर प्रवेश देण्याआधी मुलांशी इंग्रजीत बोलून बघत.

म्हणून आम्ही आलो होतो.

ताईला अक्षरे चटकन आली. मग आईने एकदा फ्रीजवर कॅट हा शब्द लावला, ताईकडून वाचून घेतला, आणि मला उचलून त्याच्या शेवटी चिकटवले. आता किती मांजरे झाली, असे तिने विचारले. ताईचे डोळे मोठे झाले. तिने मला काढले, एक मांजर. परत लावले, मांजरेच मांजरे. काढले, एक. लावले, खूप. जेवण थंड झाले तरी तिचा खेळ संपेना.

"आई, हा खूपवाला आहे," ती म्हणाली.

तेच माझे नाव पडले. खोक्यात दोन एस होते, एक निळा आणि एक मी. शब्दाच्या सुरुवातीला निळा आणि शेवटी लाल खूपवाला, असा ताईने नियमच करून टाकला. निळ्याला ती चुकूनही शेवटी लावत नसे. ते माझ्या वैभवाचे दिवस होते. कप, बॉल, डॉग, जे दिसेल त्याला ताई मला लावी. एकदा तिने बेबी या शब्दापुढे मला उभे केले, तेव्हा आई पीठ मळता मळता म्हणाली, "नको गं बाई, एकच पुरे."

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. मी इंग्रजी अक्षर असलो तरी माझे आयुष्य मराठी घरात गेले. मराठीत पुष्कळदा एकाचे अनेक होताना शब्द जागचा हलतच नाही. एक दगड, ढीगभर दगड. एक हात, दोन हात. पण मागचे क्रियापद लगेच चुगली करते. दगड पडला म्हटले की एक. दगड पडले म्हटले की अनेक. ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही. इंग्रजीत ही चुगली बहुतेक वेळा मला एकट्याला करावी लागते. आणि काही शब्द मला जवळही उभे करत नाहीत.

ते ताईला ठाऊक नव्हते. तिने माउसचे माउसेस केले, फूटचे फूट्स, टूथचे टूथ्स, चाइल्डचे चाइल्ड्स. आईने समजावून सांगितले की हे शब्द माझ्याशिवायच, आतल्या आत बदलून अनेक होतात. माउसचे माइस, फूटचे फीट, टूथचे टीथ. ताईने मान डोलावली आणि फीट्स, टीथ्स, माइसेस म्हणू लागली. शब्द आतून बदलला तरी खूपवाला शेवटी उभा राहिल्याशिवाय तिची खात्री पटत नसे. मग एकदा तिने आपले डोके चालवले. माउसचे माइस, तर हाउसचे हाइस. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाबांचे स्वतःचे इंग्रजी तसेच होते. रोज सकाळी ते घरभर फिरत म्हणत, "माझा एक शूज सापडत नाहीये." आई म्हणे, एक असला की शूज नाही, शू. त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले होते. "सकाळी सकाळी शू सापडत नाही म्हणून ओरडलो, तर शेजारी काय समजतील?" ताई खिदळत लोळे. ढब्बू तिच्याकडे बघून हसे. आई मात्र हसत नसे.

ती का हसत नाही, ते ती एकदा मावशीशी फोनवर बोलत होती तेव्हा मला कळले. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई कॉलेजात असताना भर वर्गात उभी राहून काही बोलत होती आणि बोलण्याच्या ओघात चिल्ड्रन्स म्हणून गेली. प्राध्यापकांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, शेवटच्या एसभोवती गोल काढला, आणि वर्ग हसला. पुढे कॉलेज संपेपर्यंत आईने वर्गात हात वर केला नाही. तो गोल केलेला एस मी नव्हतो. पण आई माझ्याकडे बघायची, तेव्हा तिला तोच दिसत असावा.

हसू ऐकले की ती आक्रसून जाई. ढब्बूच्या बाबतीतही तेच झाले. त्याने बाबांच्या शर्टाचे बटण गिळले असे वाटून ती त्याला काखोटीला मारून दवाखान्यात धावली होती, आणि बटण बाबांच्या खिशात सापडले. दुसऱ्या खेपेला त्याच्या गालावर पुरळ आले म्हणून धावली, तर ते उशीच्या नक्षीचे वळ निघाले. दवाखान्यातली फोन घेणारी मुलगी तेव्हा तोंड फिरवून हसली होती. आईने घरी येऊन ती गंमत बाबांना हसत हसत सांगितली, आणि नंतर स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

शाळेची तारीख जवळ आली तसा आईने नियम केला. घरात फक्त इंग्रजी, आणि तेही बरोबर. चुकले की थांबायचे, तपासायचे, सुधारून पुन्हा म्हणायचे. आई रागावत नसे, मित्रांनो. आवाजही चढवत नसे. ती फक्त ताईच्या ओठांकडे बघत बसे. ते बघणे ताईला पुरत असे.

ताई बोलायची कमी झाली. तोंड उघडे, शब्द ओठांवर येई, मग ती तो पुन्हा आत ओढून घेई आणि उलटसुलट करून बघे. तोवर सांगायची गोष्ट शिळी होऊन जाई. दूध उतू जाताना दिसले तरी ती आधी वाक्य जुळवत उभी राहायची. घर हळूहळू शांत झाले. आई म्हणे, मुलगी किती समंजस झाली आहे. मी दारावरून बघत होतो, आणि मला ती शांतता बरी वाटत नव्हती.

त्याच सुमारास ढब्बू रांगू लागला.

आणि मेंढ्या आल्या. मावशीने पाठवल्या होत्या. अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या लोकरीच्या, फ्रीजवर चिकटणाऱ्या. ज्या दिवशी खोके उघडले, त्या दिवशी माझ्या पाठीत एक विचित्र ओढ जाणवली. आमच्या काळ्या चकत्या मवाळ असतात. बोट लावले की सुटतात. या मेंढ्यांच्या पोटात मात्र चकाकणारी बारीक गोळी होती, डाळीच्या दाण्याएवढी. दोन मेंढ्या समोरासमोर धरल्या की एक आपणहून उडी मारून दुसरीला जाऊन भिडे. टक्. मध्ये कागद धरला तरी टक्. ताईने बोट मध्ये धरून पाहिले आणि चिमटा बसला म्हणून ओढून घेतले. तिला तो आवाज फार आवडला. मला आवडला नाही. मी त्यांच्या पोटाची शिवण पाहिली होती. दोरा सैल होता आणि गोंदाचा थेंब टाकायला कुणीतरी विसरले होते.

आईने लगेच शीप हा शब्द लावला. ताईने मला शेवटी चिकटवले. आईने मला काढले.

"शीपला एस नाही. एक असली तरी शीप, कळप असला तरी शीप."

ताई बुचकळ्यात पडली. हा शब्द आतूनही बदलत नव्हता आणि बाहेरूनही नाही. तिने नियम विसरून मराठीतच विचारले, "मग खूप आहेत ते कळणार कसं?"

"ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं," आई म्हणाली, आणि पुढच्या शब्दाकडे वळली.

तरी ताईचा हात माझ्याकडे वळायचाच. तेव्हा आईने तिला एक ओळ घोकायला दिली, वन शीप, टू शीप. दात घासताना वन शीप, टू शीप. केस विंचरताना वन शीप, टू शीप. आणि मला तिने दारावरूनच हलवले. फ्रीजच्या बाजूला, भिंतीलगत, दवाखान्याचा फोन नंबर लिहिलेल्या कागदावर मला बसवले. तिथे मला शब्द दिसत नसत. फक्त जमिनीचा एक तुकडा दिसे, आणि त्यावरून रांगत येणारे दोन गुबगुबीत हात.

शाळेत जायच्या आदल्या दुपारची गोष्ट. आई आतल्या खोलीत ताईच्या फ्रॉकला इस्त्री करत होती. ढब्बू स्वयंपाकघरात चटईवर होता आणि ताईला त्याच्याकडे लक्ष द्यायला बसवले होते. मेंढ्या नेहमीप्रमाणे इकडेतिकडे पसरल्या होत्या. त्यांना एक जागा नव्हतीच. एखादी सोफ्याखाली सापडे, एखादी बाबांच्या बुटात. ढब्बूने एक उचलली आणि तोंडात घातली. ताईने ती काढली. तिची पाठ वळताच त्याने पुन्हा घेतली. तो हिरड्यांनी ती चावत होता, आणि ओली लोकर बारीक बारीक होत चालली होती. मग त्याने मेंढी बाहेर काढली. तिचे पोट उघडे होते. त्याने गिळले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो हसला.

मग त्याने दुसरी उचलली.

ताईने हे पाहिले. ती धावत आली, पण तोवर दुसरी मेंढीही रिकामी झाली होती. ढब्बूने तिला भिरकावून दिले आणि ती घरंगळत फ्रीज आणि भिंतीमधल्या फटीत, माझ्या बरोबर खाली गेली. मी वाट बघत होतो. कुठेतरी टक् होणार, हे मला ठाऊक होते. झालेही असेल. पण या खेपेला तो आवाज कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता.

ताई आतल्या खोलीच्या दारापर्यंत पळत गेली. आणि तिथे थांबली. मला तिची फक्त टाच दिसत होती, उचललेली. ती तपासत होती. खाल्ले म्हणजे ईट नाही, एट. मेंढ्या म्हणजे शीप. एस नाही. एस लावायचा नाही.

"मम्मी, बेबी एट शीप."

आईच्या कानाला आधी काय लागले असेल? एस नाही, एवढेच. तिने इस्त्री उभी केली, ताईला जवळ घेतले, तिच्या केसांवरून हात फिरवला. शाब्बास म्हणाली. उद्या बाईंनी विचारले की अगदी असेच बोल म्हणाली. उद्यासाठी तिने सफरचंद खाल्ले, बिस्कीट खाल्ले अशी कितीतरी वाक्ये ताईकडून घोकून घेतली होती. त्यांतलेच हे एक, असे तिला वाटले. ताई तशीच उभी राहिली. वाक्य बरोबर आले होते. आई खूश झाली होती. म्हणजे काही वाईट झालेले नसणार, असे तिला वाटले असावे.

थोड्या वेळाने ढब्बूने दूध घेतले नाही. त्याची लाळ थांबेना. तो कण्हू लागला, मग त्याला ओकारी आली आणि काहीच बाहेर पडले नाही. आई त्याला उचलायला वाकली तेव्हा चटईवर तिला ती मेंढी दिसली. ओली, चपटी, पोट फाटलेली. तिने बोट आत घालून पाहिले. मग तिला ताईचे वाक्य आठवले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले.

दुसरी मेंढी मला दिसत होती. आईला दिसत नव्हती.

तिने माझ्याखालचा कागद ओढला आणि मी जमिनीवर पडलो. फोन त्याच मुलीने उचलला, जी मागे हसली होती. आईने घाईघाईने सगळे सांगितले. पलीकडून विचारले, लोहचुंबक एकच होते का? आईने वळून ताईला विचारले. आणि सवयीने इंग्रजीत विचारले, हाउ मेनी?

ताई पांढरीफटक पडली होती. बरोबर असल्याची खात्री असलेले एकच वाक्य तिच्यापाशी होते.

"वन शीप, टू शीप," ती म्हणाली.

"आत्ता पाठांतर नको गं," आई म्हणाली, आणि फोनमध्ये सांगून टाकले, "एकच आहे."

पलीकडून सांगितले गेले की एक असेल तर बहुधा आपोआप खाली उतरते. तरी फोटो काढून बघावा लागेल. डॉक्टर संध्याकाळी येतील, तेव्हा घेऊन या. तोवर काही खायला-प्यायला देऊ नका. पण एकापेक्षा जास्त असतील तर आमची वाट बघूच नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात जा. नक्की एकच ना? नक्की, असे आई म्हणाली. मग पलीकडचा आवाज जरा सैलावला. मागच्या बटणासारखे खिशात नाही ना, तेवढे बघून घ्या. आईही उगाचच थोडी हसली.

फोन ठेवून ती ढब्बूला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. शांत राहायचे, असे ती स्वतःशीच पुटपुटत होती. या वेळी धावायचे नाही. एकच आहे. संध्याकाळपर्यंत थांबायचे. ढब्बू पाय पोटाशी घेत होता आणि सोडत होता.

ताईने मला उचलले. तिचा तळवा घामाने ओला होता. फ्रीजच्या दारावर सकाळचा शब्द तसाच होता. पुढे निळा एस, मग बाकीची अक्षरे. शीप. ताई टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने मला त्या शब्दाच्या शेवटी लावले.

टक्.

आईने मान वर केली. तिचा हात आपोआपच पुढे आला. "कितीदा सांगितलं, शीपला एस..." तिची बोटे माझ्यावर येऊन टेकली आणि मला ओढू लागली. पण मी निघेना. ताईने मला वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरले होते. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. फक्त दाबून उभी होती. मित्रांनो, आईची बोटे माझ्या अंगावर गार पडत गेली, ते मला अजून आठवते.

आई खुर्चीवरून खाली आली. ढब्बूला कवटाळून ती ताईसमोर गुडघ्यांवर बसली.

"ताई, मराठीत सांग."

ताईने तिच्या ओठांकडे पाहिले. खरेच चालेल का, ते बघत असावी. मग तिचा बांध फुटला.

"आई, ढब्बूने मेंढ्या खाल्ल्या."

मेंढ्या, खाल्ल्या. दोन्ही शब्द एकदम ओरडून सांगत होते. तिथे माझी गरज नव्हती.

हॉस्पिटलपर्यंतच्या वाटेवर मी ताईच्या मुठीत होतो. ढब्बूला टेबलावर झोपवून पोटाचा फोटो काढला. एका तरुण डॉक्टरांनी तो उजेडात धरला. पोटात एक गोल ठिपका होता. एकच. डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले की एकच दिसते आहे, काळजीचे कारण नाही, थोडी वाट पाहू. मागे उभ्या असलेल्या नर्सने आईकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होते, ते आईला पुरते ओळखीचे होते. मला वाटले, ही आता गप्प बसणार. फळ्यासमोर बसली तशी.

पण ती बोलली. अडखळत, तुटक इंग्रजीत बोलली. दोन आहेत, माझ्या मुलीने पाहिले आहे, असे तिने सांगितले. डॉक्टरांनी पुन्हा फोटोकडे बोट दाखवले. तेव्हा तिचा आवाज चढला. "आय नो माय चिल्ड्रन्स," ती म्हणाली. शेवटी एस लावून, भर खोलीत. कुणी हसले नाही. तिच्या स्वतःच्याही ते लक्षात आले नाही.

डॉक्टरांनी ढब्बूला कुशीवर वळवून दुसरा फोटो काढला. या वेळी ठिपके दोन होते, एकामागे एक दडलेले. आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट होती. डॉक्टरांनी त्या फटीवर बोट ठेवले आणि त्यांचा आवाज बदलला. त्या फटीत ढब्बूच्या पोटाचे अस्तर चिमटले गेले होते. दोन्ही गोळ्या एकमेकींना ओढत होत्या आणि मधले काहीच सोडणार नव्हत्या. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर तिथे भोक पडायला सुरुवात झाली असती, असे ते म्हणाले. पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ढब्बूला आत नेले आणि दार बंद झाले.

त्या दारासमोरचा वेळ मी सांगत नाही. बाबा धावत आले, तेव्हा त्यांच्या एका पायात काळा शूज होता आणि दुसऱ्या पायात तपकिरी. ताई आईच्या कुशीत बसून मूठ आवळत होती, आणि माझी टोके तिच्या तळव्यात रुतत होती.

दार उघडले. घशातून नळी घालून दोन्ही गोळ्या काढल्या होत्या. एका वाटीत त्या दाखवल्या. अजून एकमेकींना चिकटलेल्या, आणि नर्सला बोटांनी सुटेनात. ढब्बू वाचला. भोक पडले नव्हते, नुसता लाल वण होता.

घरी आल्यावर आईने मेंढ्यांचे खोके बांधून टाकून दिले. मग ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि तिने आमच्या पाठीतल्या चकत्या सुरीने एकेक करून काढल्या. बाकीच्यांच्या सहज निघाल्या. माझी निघेना. गोंदवालीचा तो टपोरा थेंब. आई बराच वेळ झटत होती, आणि निघाली तेव्हा माझ्या पाठीचा एक टवका घेऊन निघाली. म्हणून ही खाच रिकामी. माझी चकती कुणीही गिळलेली नाही. तुम्हीही इतका वेळ तेच भय धरून बसला असाल.

शाळेने दुसरी तारीख दिली. मी ताईच्या खिशात होतो. तिथल्या बाईंनी बदकासारख्या पक्ष्यांचे चित्र दाखवले. ताई म्हणाली, गूजेस. ते गीस असायला हवे होते. आईने स्वतःची बोटे स्वतःच घट्ट धरली, पण ती काही बोलली नाही. बाई हसल्या, आणि प्रवेश मिळाला. म्हणून सगळे गोड झाले, असे समजू नका. ताई अजून बोलण्याआधी थांबते. शब्द ओठांवर येतो आणि आत जातो. पूर्वी आई तिच्या ओठांकडे बघायची. आता ती तिच्या डोळ्यांकडे बघत वाट बघते, आणि कधी कधी खूप वाट बघावी लागते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील. त्यांना एकदा उलटे करून पाहा. काही हलत असेल, वाजत असेल, तर मोठ्यांना दाखवा. आणि घरातले लहान कुणी धावत येऊन चुकीचे काही बोलले, तर आधी ते काय सांगते आहे ते ऐका. चुकीला घाई नसते. ती नंतरही सुधारता येते.

मी आता कशालाच चिकटत नाही. ताई अजून मला शब्दाच्या शेवटी लावते, पण बोटाने धरून ठेवावे लागते. बोट काढले की मी फरशीवर पडतो, आणि टक् असा आवाज होतो. तो ऐकला की आई असेल तिथून, हातातले टाकून धावत येते. आधी ढब्बूचे तोंड उघडून बघते. मग ताईसमोर गुडघ्यांवर बसते आणि विचारते, "काय सांगत होतीस?"